आकाशातली रांग: होल्डिंग पॅटर्नमध्ये विमान कसे शिरते आणि कसे फिरते

पावसाळ्यात उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या, धावपट्टीवर ढगांचा थर खाली उतरला, किंवा मुंबईत उतरणाऱ्या विमानांची गर्दी झाली, की कोल्हापूरच्या प्रवाशाला वैमानिकाच्या घोषणेतून ‘आपल्याला थोडा वेळ होल्डवर ठेवण्यात आले आहे’ असे ऐकायला मिळते. मोबाइलवर त्या विमानाचा मार्ग पाहत बसलेल्या नातेवाइकांना त्याच वेळी पडद्यावर एक लांबट, दोन्ही टोकांना गोलसर अशी आकृती पुन्हा पुन्हा गिरवली जाताना दिसते आणि विमान वाट चुकले की काय, अशी शंका येते. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर उसाचे ट्रॅक्टर ओळीने उभे राहतात आणि पाळी येईपर्यंत इंजिन बंद करून ठेवतात. विमानाला ती सोय नसते. त्याला हवेत राहायचे तर पुढे जातच राहावे लागते, म्हणून त्याची रांग ही आखून दिलेल्या एका बंद मार्गावर फिरत राहण्याची रांग असते. या मार्गालाच होल्डिंग पॅटर्न किंवा नुसते होल्ड म्हणतात.

होल्डमध्ये शिरण्याच्या तीन पद्धती असतात आणि वैमानिक होऊ पाहणारे बहुतेक विद्यार्थी त्यांच्या आकृत्या पाठ करतात. परीक्षेपुरते ते चालते, पण कॉकपिटमध्ये पाठांतर लवकर विसरते. दोन गोष्टी मनात पक्क्या असतील तर आकृत्या आठवाव्या लागत नाहीत. पहिली अशी की, या सगळ्या मार्गात फिक्सकडे, म्हणजे होल्ड ज्या ठरलेल्या बिंदूला बांधलेले असते त्याकडे, येणारा टप्पा म्हणजे इनबाउंड लेग हीच एक खरी रेषा आहे आणि बाकी सर्व उड्डाण त्या रेषेवर नीट परत येण्यासाठी असते. दुसरी अशी की, रेषेच्या एका बाजूला मोकळी, सुरक्षित ठेवलेली जागा जास्त असते आणि दुसऱ्या बाजूला कमी असते. विमानाने शक्य तितका वेळ जास्त जागेच्या बाजूला राहायचे असते. पुढचे सर्व विवेचन या दोन गोष्टींवर उभे आहे.

मार्गाची ठेवण

होल्ड एखाद्या फिक्सला बांधलेले असते. हा फिक्स म्हणजे जमिनीवरचे व्हीओआर किंवा एनडीबी नावाचे दिशादर्शक रेडिओ केंद्र असू शकते, अथवा जीपीएसने ओळखता येणारा, नकाशावर नाव दिलेला एखादा बिंदू असू शकतो. विमान ठरलेल्या कोर्सने, म्हणजे ठरलेल्या दिशेच्या मार्गाने, फिक्सवर येते, तिथे उजवीकडे १८० अंशांचे वळण घेते, इनबाउंड कोर्सला समांतर पण उलट दिशेने काही वेळ जाते, पुन्हा उजवीकडे १८० अंश वळते आणि परत इनबाउंड कोर्सवर येऊन फिक्सकडे निघते. उलट दिशेच्या भागाला आउटबाउंड लेग म्हणतात. वळणे उजवीकडची असतील तर ते प्रमाण होल्ड मानले जाते. डावीकडची वळणे हवी असतील तर नकाशावर किंवा नियंत्रकाच्या सूचनेत तसे स्पष्ट सांगितलेले असते. आउटबाउंड लेग ज्या बाजूला पडते ती होल्डिंगची बाजू आणि तिच्या विरुद्ध असलेली ती बिगर-होल्डिंगची बाजू.

वारा नसेल, तर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या पद्धतीप्रमाणे १४,००० फूट आणि त्याखाली आउटबाउंड लेग १ मिनिटाची असते आणि त्याहून वर दीड मिनिटाची. भारतात हीच पद्धत चालते. अमेरिकेत मात्र हे १ मिनिट इनबाउंड लेगवर मोजले जाते, आणि शिकवण्याचे बरेचसे साहित्य तिथूनच येत असल्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. काही होल्डमध्ये वेळेऐवजी अंतर दिलेले असते. तिथे डीएमई (केंद्रापासूनचे अंतर दाखवणारे उपकरण) किंवा जीपीएसवर तो आकडा दिसताच वळायचे असते आणि घड्याळाची कटकट राहत नाही.

इनबाउंड लेगवर वैमानिकासमोरच्या उपकरणात एक सुई किंवा रेघ दिसते आणि आपण कोर्सच्या उजवीकडे सरकलो की डावीकडे, हे ती सांगते. आउटबाउंड लेगवर, निदान पारंपरिक उपकरणांनी उडताना, असे काहीही नसते. तिथे केवळ एक हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, धरायचे आणि सेकंद मोजायचे. चूक झाली की नाही, हे दुसरे वळण संपून इनबाउंड कोर्स समोर येईपर्यंत कळत नाही. म्हणून इनबाउंड लेगवर जे कळले ते वापरून पुढच्या फेरीची आउटबाउंड लेग सुधारायची, हा होल्ड उडवण्याचा खरा अभ्यास आहे.

होल्डच्या भोवतीचे संरक्षित क्षेत्र आखताना वेग, वारा, वळणातील उशीर आणि उपकरणांची त्रुटी हे सर्व धरलेले असते, आणि त्या क्षेत्रातल्या अडथळ्यांच्या वर किमान ३०० मीटर, तर डोंगराळ भागात ६०० मीटरपर्यंत मोकळी उंची राखली जाते. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे आणि त्याच्या पश्चिमेला सह्याद्रीची रांग आहे. अशा ठिकाणी ढगात असताना संरक्षित क्षेत्राच्या बाहेर गेलेले विमान समोर काय आहे हे पाहू शकत नाही, त्यामुळे ‘थोडे इकडेतिकडे झाले तर काय बिघडते’ हा विचार इथे मुळीच परवडत नाही.

फिक्सवर पोहोचण्याआधी

होल्डची सूचना मिळाली की वैमानिक तिच्यातून सहा गोष्टी टिपून घेतो: फिक्सचे नाव, धरायची उंची, इनबाउंड कोर्स, वळणाची दिशा, लेगचा वेळ किंवा अंतर आणि पुढची परवानगी मिळण्याची अपेक्षित वेळ. होल्ड नकाशावर छापलेले असेल तर नियंत्रक ‘प्रसिद्ध केल्याप्रमाणे होल्ड करा’ एवढेच म्हणतो आणि उरलेले नकाशावरून वाचायचे असते. शेवटची वेळ दिली गेली नाही तर ती मागून घ्यावी. तिचे महत्त्व पुढे येईल.

सूचना मिळाली की लगेच कागदावर किंवा गुडघ्यावरच्या पॅडवर होल्डची लहानशी आकृती काढावी: फिक्सचा ठिपका, त्याच्याकडे येणारा बाण, बाणावर कोर्सचा आकडा आणि वळणाची बाजू. हा सल्ला बाळबोध वाटतो, परंतु संगणक असलेल्या विमानातही तो पाळण्यासारखा आहे. आधुनिक विमानातील संगणक होल्डची रेघ आपोआप काढतो, शिरण्याची पद्धत निवडतो आणि वाऱ्याचा हिशेबही करतो. मात्र त्याला इनबाउंड कोर्सऐवजी आउटबाउंडचा आकडा दिला किंवा डाव्या वळणाऐवजी उजवे वळण दिले, तर तितक्याच शिस्तीने तो चुकीच्या जागी फिरत राहतो. हाताने काढलेली आकृती आणि पडद्यावरची रेघ जुळते का, हे पाहायला दोन-चार सेकंद लागतात.

वेगही फिक्सच्या आधीच कमी केलेला असावा. आयकाओच्या मर्यादेनुसार १४,००० फुटांपर्यंत २३० नॉट (ताशी सागरी मैल), त्यावर २०,००० फुटांपर्यंत २४० नॉट आणि त्यावर ३४,००० फुटांपर्यंत २६५ नॉट, असा निर्देशित वेगाचा, म्हणजे विमानातला वेगमापक दाखवतो त्या वेगाचा, कमाल आकडा असतो. केवळ ए आणि बी गटातल्या, म्हणजे उतरताना कमी वेग लागणाऱ्या विमानांसाठी राखलेल्या होल्डमध्ये खालच्या थरातली मर्यादा १७० नॉट असते. आपल्या ओळखीचे एटीआर ७२ हे बी गटातले विमान आहे. अमेरिकेतले आकडे वेगळे आहेत, त्यामुळे कोणत्याही पुस्तकातला आकडा उचलण्याआधी ते पुस्तक कुठले आहे हे पाहावे.

वळण सेकंदाला ३ अंशांच्या गतीने किंवा २५ अंशांच्या कलाने घ्यायचे असते; या दोहोंपैकी ज्यात विमान कमी कलते ते निवडायचे. हवेतला खरा वेग सुमारे १७० नॉटपर्यंत असेल तर सेकंदाला ३ अंश साधायला २५ अंशांपेक्षा कमी कल पुरतो, आणि अर्धे वर्तुळ बरोबर १ मिनिटात पूर्ण होते. दोन वळणे आणि दोन लेगा मिळून ४ मिनिटांची फेरी होते, असे जे सांगितले जाते ते या हिशेबावर. वेगवान विमानाला ते लागू होत नाही. १०,००० फुटांवर २३० नॉट निर्देशित वेग म्हणजे हवेतला खरा वेग सुमारे २६५ नॉट. त्या वेगाला २५ अंशांच्या कलाने सेकंदाला जेमतेम २ अंश वळता येते आणि एकेका वळणालाच दीड मिनिट लागते. फेरी ५ मिनिटांच्या पुढे जाते.

शिरायचे कसे

उदाहरणासाठी एक होल्ड कल्पू या. हे होल्ड केवळ सरावाचे आहे, कोणत्याही प्रसिद्ध नकाशावरचे नाही, आणि त्याचा उड्डाणासाठी उपयोग करू नये. कोल्हापूरच्या धावपट्टीची दोन टोके ०७ आणि २५ या क्रमांकांनी ओळखली जातात, म्हणजे तिची दिशा साधारण ०७० आणि २५० अंश अशी आहे. आपला फिक्स विमानतळाच्या डोक्यावर आहे, इनबाउंड कोर्स ०७० आहे आणि वळणे उजवीकडे आहेत, असे धरू. म्हणजे विमान पश्चिम-नैऋत्येकडून फिक्सवर येईल, उजवीकडे वळेल आणि विमानतळाच्या दक्षिणेकडून २५० अंशांनी परत जाईल. दक्षिणेची बाजू ही होल्डिंगची बाजू झाली आणि उत्तरेची बाजू बिगर-होल्डिंगची.

आता विमान कुठून येते त्यावर शिरण्याची पद्धत ठरते. नेमके सांगायचे तर फिक्स ओलांडताना विमानाचे हेडिंग काय आहे, यावर ती ठरते. फिक्समधून इनबाउंड कोर्सशी ७० अंशांचा कोन करणारी एक रेषा काढली की ती आणि फिक्सच्या पुढे वाढवलेली इनबाउंड रेषा मिळून सभोवतालचे ३६० अंश तीन भागांत विभागतात: १८० अंशांचा थेट प्रवेशाचा भाग, ११० अंशांचा समांतर प्रवेशाचा भाग आणि ७० अंशांचा तिरक्या प्रवेशाचा भाग. तिरक्या प्रवेशाला बोलण्यात टिअरड्रॉप म्हणतात.

मुंबईहून सरळ रेषेत येणारे विमान आपल्या फिक्सवर सुमारे १५० अंशांच्या हेडिंगने, म्हणजे आग्नेयेकडे तोंड करून पोहोचेल. त्याचे तोंड आधीच होल्डिंगच्या बाजूकडे आहे आणि आउटबाउंडच्या २५० अंशांवर जायला त्याला उजवीकडे साधारण १०० अंश वळणे पुरे आहे. ते सरळ वळते आणि फेरी सुरू करते. हाच थेट प्रवेश. पुण्याहून किंवा अहमदाबादहून येणाऱ्या विमानांचे हेडिंगही १६५ ते १७० अंशांच्या आसपास पडते, म्हणून तीही याच भागात येतात. मात्र यात एक बारकावा आहे, जो पुस्तकातल्या आकृतीत सहसा दिसत नाही. पूर्ण १८० अंशांचे वळण घेतले तर विमान इनबाउंड रेषेपासून वळणाच्या त्रिज्येच्या दुप्पट अंतरावर जाते. १०० अंशांच्या वळणाने ते त्रिज्येहून थोडेच जास्त अंतर गाठते. लगेच वळले तर आउटबाउंड लेग इनबाउंड रेषेला फार जवळ पडते, आणि पुढचे वळण रेषा ओलांडून बिगर-होल्डिंगच्या बाजूला जाते. म्हणून अनेक वैमानिक फिक्स ओलांडल्यावर थोडा वेळ तेच हेडिंग धरून मग वळतात. आपल्या उदाहरणात १६० नॉट वेगाला तो वेळ १५ सेकंदांच्या जवळपास येतो.

हैदराबादहून येणाऱ्या विमानाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे हेडिंग सुमारे २६० अंश, म्हणजे आउटबाउंडच्या दिशेशी जवळजवळ जुळणारे. त्याला थेट उजवीकडे वळवले तर ते प्रथम उत्तरेकडे, म्हणजे कमी जागेच्या बाजूला, मोठा फेरा मारेल. त्याऐवजी ते फिक्सवर किंचित डावीकडे वळून २५० अंशांचे हेडिंग धरते आणि इनबाउंड रेषेला समांतर, तिच्या उत्तरेच्या अंगाने, १ मिनिट जाते. नंतर ते डावीकडे, म्हणजे होल्डिंगच्या बाजूकडे, १८० अंशांपेक्षा जास्त वळते, ०४० अंशांच्या आसपास हेडिंग आणून दक्षिणेकडून इनबाउंड कोर्सला गाठते किंवा सरळ फिक्सकडे येते. फिक्स दुसऱ्यांदा ओलांडल्यावर मात्र ते नेहमीप्रमाणे उजवीकडे वळते. समांतर प्रवेश तो हाच. बंगळूरहून सुमारे ३१५ आणि तिरुपतीहून सुमारे ३०० अंशांनी येणारी विमानेही याच भागात येतात. त्यांना फिक्सवर डावीकडे जास्त वळावे लागते, एवढाच फरक.

समांतर प्रवेशातली नेहमीची चूक म्हणजे एका मिनिटानंतर उजवीकडे वळणे. ‘हे उजव्या वळणांचे होल्ड आहे’ हे वाक्य डोक्यात घट्ट बसलेले असते आणि हात आपोआप उजवीकडे जातो. पण त्या क्षणी विमान रेषेच्या उत्तरेला आहे. उजवीकडे वळणे म्हणजे आणखी उत्तरेला, संरक्षित क्षेत्राच्या बाहेरच्या दिशेने जाणे. इथे जास्त जागा कोणत्या बाजूला आहे, एवढा एकच प्रश्न विचारावा, म्हणजे वळणाची दिशा आपोआप ठरते.

राहिला टिअरड्रॉप. नागपूरहून सरळ येणारे विमान सुमारे २२५ अंशांनी फिक्सवर येईल. आउटबाउंड दिशेपासून होल्डिंगच्या बाजूला ३० अंश कललेला मार्ग २२० अंशांचा येतो, म्हणजे त्या विमानाला जवळजवळ सरळच जायचे आहे. फिक्स ओलांडून २२० अंशांच्या मार्गाने १ मिनिट गेल्यावर ते उजवीकडे सुमारे २१० अंश वळते आणि इनबाउंड कोर्सवर येते. तिन्ही पद्धतींत मला ही सर्वांत देखणी वाटते, कारण विमान पहिल्यापासून शेवटपर्यंत होल्डिंगच्याच बाजूला राहते. सोलापूरच्या बाजूने सुमारे २४० अंशांनी येणारे विमानही याच भागात पडते.

हे सर्व अंश सरळ रेषेचे, ढोबळ आहेत. प्रत्यक्षात विमान हवाई मार्गाच्या वळणांनी येते आणि फिक्सवरचे त्याचे हेडिंग वेगळे असू शकते. म्हणूनच शहराच्या नावावरून नव्हे तर त्या क्षणीच्या हेडिंगवरून निर्णय करायचा. त्यासाठी हेडिंग दाखवणाऱ्या तबकडीचाच उपयोग होतो. विमान फिक्सकडे सरळ जात असताना तबकडीच्या माथ्यावर आपले हेडिंग असते. उजव्या वळणांच्या होल्डसाठी माथ्यापासून उजवीकडे ७० अंश मोजावेत, डावीकडे ११० अंश मोजावेत आणि आउटबाउंडचा आकडा कुठे पडतो ते पाहावे. उजवीकडच्या ७० अंशांत पडला तर टिअरड्रॉप, डावीकडच्या ११० अंशांत पडला तर समांतर, आणि खालच्या उरलेल्या अर्ध्या भागात पडला तर थेट. नागपूरच्या विमानाच्या माथ्यावर २२५ असताना २५० हा आकडा उजवीकडे २५ अंशांवर दिसेल. हैदराबादच्या विमानाला तोच आकडा डावीकडे १० अंशांवर दिसेल. मुंबईच्या विमानाला तो उजवीकडे १०० अंशांवर, म्हणजे खालच्या अर्ध्यात दिसेल. विभागणारी रेषा कल्पनेने दिसत नसेल तर तबकडीवर उजव्या हाताचा अंगठा आडवा धरून त्याचे उजवे टोक २० अंश वर उचलावे. डाव्या वळणांच्या होल्डला सर्व आरशातल्यासारखे उलटे होते: डावीकडे ७०, उजवीकडे ११० आणि अंगठ्याचे डावे टोक वर.

हेडिंग दोन भागांच्या अगदी सीमेवर असेल तर घाबरण्याचे कारण नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना ५ अंशांची सवलत आहे आणि त्या पट्ट्यात कोणतीही पद्धत चालते. सीमेवर अडखळून फिक्स ओलांडून जाणे हे ‘चुकीची’ पद्धत निवडण्यापेक्षा वाईट.

वारा आणि घड्याळ

विद्यार्थ्यांचा सगळा जोर प्रवेशावर असतो. परंतु प्रवेश एकदाच होतो आणि वारा प्रत्येक फेरीत भेटतो. जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापूरवर पश्चिमेकडचा जोरदार वारा असतो, तेव्हा आपल्या कल्पित होल्डमध्ये त्याचा परिणाम मोजून पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून वारा नेमका २५० अंशांकडून ३० नॉटचा आहे आणि विमानाचा हवेतला खरा वेग १६० नॉट आहे, असे धरू. आउटबाउंडवर वारा समोरून लागतो आणि जमिनीच्या संदर्भातला वेग १३० नॉट राहतो. इनबाउंडवर तो पाठीमागून लागतो आणि वेग १९० नॉट होतो.

फिक्सवरून पहिले वळण घेताना १ मिनिटात वारा विमानाला अर्धा सागरी मैल पूर्वेकडे ढकलतो, म्हणून वळण संपते तेव्हा विमान फिक्सच्या समोर न येता अर्धा मैल मागे राहिलेले असते. आउटबाउंडचे घड्याळ विमान फिक्सच्या बरोबर आडव्या रेषेत आले की सुरू करायचे असते. ही आडवी रेषा उपकरणावरून कळत नसेल तर वळण पूर्ण होऊन हेडिंग धरले जाताच सुरू करायचे. समजा, आडव्या रेषेपासून १ मिनिट मोजले. त्या वेळात विमान जवळपास २.२ मैल जाईल, दुसऱ्या वळणात वारा त्याला पुन्हा अर्धा मैल फिक्सकडे ढकलेल, आणि इनबाउंड कोर्सवर येईल तेव्हा फिक्स फक्त १.७ मैलांवर उरलेला असेल. १९० नॉटने ते अंतर सुमारे ३२ सेकंदांत संपते. एवढ्या वेळात कोर्सवर स्थिर होणे, वाऱ्याचा कल ओळखणे, रेडिओवर बोलणे आणि पुढच्या वळणाची तयारी करणे ही ओढाताण होते.

इनबाउंड लेग पूर्ण १ मिनिटाची हवी असेल तर आउटबाउंड सुमारे १ मिनिट ४० सेकंदांची करावी लागते. फरक ३० सेकंदांचा होता, म्हणून आउटबाउंडमध्ये ३० सेकंद वाढवले, असा सरळ हिशेब इथे पुरत नाही, कारण वाढवलेले सेकंद मंद वेगाने कापले जातात आणि परत येताना तेच अंतर वेगाने संपते. वैमानिक कॉकपिटमध्ये हा भागाकार करत बसत नाही. तो एका फेरीत अंदाजाने वेळ वाढवतो, इनबाउंडला किती सेकंद लागले ते पाहतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा जुळवतो. दोन-तीन फेऱ्यांत आकडा बसतो.

आडव्या वाऱ्याची दुरुस्ती थोडी चकवणारी असते. इनबाउंड कोर्सवर टिकण्यासाठी विमानाचे नाक वाऱ्याकडे किती वळवावे लागते, हे त्या लेगवर नेमके कळते. समजा, ते ६ अंश निघाले. आउटबाउंडवर नाक पुन्हा वाऱ्याच्याच दिशेने वळवायचे, पण ६ नव्हे तर सुमारे तिप्पट, म्हणजे १८ अंश. याचे कारण असे की, दोन्ही वळणांत विमान एकाच कलाने वळत असते, तिथे वाऱ्याला तोड देता येत नाही आणि जवळजवळ २ मिनिटे वारा त्याला वाहून नेतो. त्या दोन मिनिटांचे वाहणे आउटबाउंडच्या एका मिनिटात भरून काढायचे, शिवाय त्या लेगचे स्वतःचे वाहणेही सावरायचे, म्हणून तिप्पट. आउटबाउंड लेग वाऱ्यामुळे लांबवली असेल तर तिप्पटीऐवजी दुप्पट-अडीचपट दुरुस्तीही पुरते. दुसरे वळण संपताना इनबाउंड कोर्स ओलांडला गेला किंवा त्याच्या अलीकडेच राहिलो, यावरून पुढच्या फेरीत दुरुस्ती वाढवायची की कमी करायची ते कळते.

उंचीचे थर, वेळ आणि इंधन

एकाच फिक्सवर अनेक विमाने थांबवायची असतील तर नियंत्रक त्यांना १,००० फुटांच्या अंतराने एकावर एक ठेवतो. सर्वांत खालचे विमान उतरायला निघाले की वरचे प्रत्येक विमान एकेक थर खाली येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि त्यांचा स्वतंत्रपणे एकाच वेळी वापर करता येत नाही, त्यामुळे गर्दीच्या वेळी तिकडे जाणाऱ्या कोल्हापूरच्या विमानाला असा थर वाट्याला येऊ शकतो. उजळाईवाडीत एवढी गर्दी नसते. इथे थांबण्याचे कारण बहुधा हवामान असते.

पुढच्या परवानगीची अपेक्षित वेळ मागून घ्यावी असे वर म्हटले, ते रेडिओ बंद पडण्याच्या शक्यतेसाठी. रेडिओ गेला तर वैमानिक ट्रान्सपाँडरवर, म्हणजे नियंत्रकाच्या रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर, ७६०० हा संकेत लावतो आणि नियंत्रकाने दिलेली, आपण पोच दिलेली शेवटची अपेक्षित वेळ येताच उतरण्याची प्रक्रिया सुरू करतो. नियंत्रकालाही ती वेळ माहीत असल्यामुळे तो तेवढी जागा मोकळी ठेवतो. वेळच ठरलेली नसेल तर हे मूक विमान कधी खाली येईल याचा अंदाज कोणालाच बांधता येणार नाही.

होल्ड किती वेळ करायचे, हे शेवटी इंधनावर ठरते. जेट आणि टर्बोप्रॉप विमानांना पर्यायी विमानतळावर पोहोचल्यावरही त्या विमानतळाच्या १,५०० फूट वर ३० मिनिटे होल्डच्या वेगाने उडता येईल इतके अंतिम राखीव इंधन शिल्लक ठेवावे लागते; पिस्टन इंजिनच्या विमानांसाठी ही मुदत ४५ मिनिटांची आहे. तेव्हा कोल्हापूरवर फिरणाऱ्या वैमानिकाने पहिल्याच फेरीत एक उलटा हिशेब मांडावा: अंतिम राखीव इंधनात पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन मिळवायचे, आणि टाकीतल्या आकड्यातून ती बेरीज वजा करायची. उरले ते होल्डसाठी. बेळगाव हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या आत आहे, पण ज्या ढगांनी कोल्हापूर झाकले तेच बेळगाववरही असू शकतात, म्हणून जवळचा पर्याय नेहमीच चांगला पर्याय असतो असे नाही. हिशेबातून जो मिनिटांचा आकडा निघेल तो घड्याळाच्या वेळेत लिहून ठेवावा आणि ती वेळ आली की ‘आणखी एक फेरी’ न करता निघावे. इंधन इतके कमी झाले की यापुढे जराही उशीर झाला तर अंतिम राखीव साठ्याला हात लागेल, तर ‘मिनिमम फ्युएल’ असे कळवायचे असते. साठा वापरावा लागणार हे निश्चित झाले की ‘मेडे फ्युएल’ पुकारायचे असते. पहिल्या घोषणेने प्राधान्य मिळत नाही, नियंत्रकाला फक्त परिस्थिती कळते. प्राधान्य दुसऱ्या घोषणेने मिळते.

होल्डमधून निघणे

फिक्स सोडण्याची नेमकी वेळ मिळाली असेल तर शेवटची फेरी तिच्या मापाने कापावी लागते. समजा, ९ वाजून ३० मिनिटांनी फिक्स सोडायचा आहे, वारा नाही आणि घड्याळात ९ वाजून २३ मिनिटे झाली असताना विमान फिक्सवर आले आहे. ७ मिनिटे हाती आहेत. एक पूर्ण फेरी ४ मिनिटांची, मग उरतात ३. त्यांतली २ मिनिटे दोन वळणांत जातात, आणि राहिलेले १ मिनिट दोन्ही लेगांत सारखे वाटायचे, म्हणून शेवटच्या फेरीत आउटबाउंडवर ३० सेकंद होताच वळायचे. पश्चिमेच्या वाऱ्यात हेच वाटप असमान होते: १३० आणि १९० नॉटच्या आपल्या उदाहरणात आउटबाउंडला जास्त आणि इनबाउंडला कमी सेकंद द्यावे लागतात, आणि ते प्रमाण आधीच्या फेऱ्यांत टिपलेल्या आकड्यांवरूनच काढायचे असते.